स्टेपर मोटरवर एन्कोडर बसवणे

स्टेपर मोटरचा शाफ्ट प्रत्यक्षात किती फिरला हे मोजण्यासाठी त्यावर कोन मोजणारा संवेदक, म्हणजे एन्कोडर, जोडणे. खरे तर अशी मोजणी करावी लागू नये म्हणूनच स्टेपर मोटर निवडतात. ड्रायव्हरने (मोटरला प्रवाह पुरवणाऱ्या मंडळाने) जितके स्पंद दिले तितकी पावले ती चालली, असे धरून चालायचे असते. नेहमीच्या हायब्रिड (चुंबक आणि दातेरी लोखंड दोन्ही असलेल्या) मोटरचे पाऊल १.८ अंशांचे, म्हणजे एका फेऱ्यात २०० पावले. पण भार एकाएकी वाढला, वेग घाईने चढवला किंवा यंत्र कुठे अडकले, की पावले चुकतात आणि नियंत्रकाला त्याचा पत्ताही नसतो.

पावले चुकतात तीही एकेक करून नाही. अशा मोटरच्या रोटरला, म्हणजे आतल्या फिरत्या भागाला, ५० दाते असतात. पकड सुटलेला रोटर एक किंवा अधिक दाते ओलांडूनच पुन्हा स्थिरावतो. दोन दात्यांमधले अंतर ७.२ अंश, म्हणजे पूर्ण चार पावले. त्यामुळे नुसती चूक पकडायची असेल तर फार बारीक मोजणारा एन्कोडर लागत नाही. उलट, भाराखाली रोटर पाऊल न चुकताही जवळजवळ १.८ अंशांपर्यंत मागे रेंगाळतो. चूक धरण्याची मर्यादा याहून कमी ठेवली तर धडधाकट यंत्रही उगाच थांबत राहते.

एन्कोडर बहुधा मोटरच्या मागच्या टोकाला बसवतात, कारण पुढचे टोक कामात गुंतलेले असते. त्यासाठी दोन्ही बाजूंना शाफ्ट असलेली मोटर मुळातच घ्यावी. एकाच बाजूला शाफ्ट असलेली मोटर उघडून मागे दांडा जोडण्याचा मोह टाळावा. रोटर स्टेटरमधून (भोवतालच्या स्थिर भागातून) बाहेर काढला की त्यातले चुंबकत्व कमी होऊ शकते आणि मोटरची ताकद कायमची घटते. शिवाय रोटर-स्टेटरमधली फट इतकी अरुंद असते की झाकण किंचित तिरके बसले तरी रोटर घासतो. मागच्या झाकणाचे लांब स्क्रू वापरून ब्रॅकेट लावायचा असल्यास ते एकेक करून काढावेत आणि लगेच परत आवळावेत; चारही एकदम कधीच नाही.

प्रकाशीय एन्कोडरमध्ये बारीक रेघांची चकती शाफ्टवर बसते आणि वाचक मोटरच्या अंगावर. इथे खरी परीक्षा चकती मध्यावर बसवण्याची. रेघा मध्यापासून २० मिमीवर असतील आणि चकती ०.०५ मिमी सरकलेली असेल, तर मापात सुमारे ०.१४ अंशाची चूक शिरते, ती दर फेऱ्याला एकदा चढते आणि एकदा उतरते. १००० रेघांच्या एन्कोडरचे ए आणि बी हे पाव आवर्तनाने मागेपुढे असलेले दोन्ही संकेत मिळून फेऱ्याला ४००० मोजण्या होतात, म्हणजे एक मोजणी ०.०९ अंशाची. बसवण्यातली ही चूक त्याहून मोठी! एका बाजूने आवळणारा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) चकतीचा हब, म्हणजे तिला शाफ्टवर धरणारा मधला भाग, नेमका असाच सरकवतो. चहूबाजूंनी आवळणारा क्लॅम्प हब त्यापेक्षा कितीतरी बरा. स्वतःचा शाफ्ट आणि बेअरिंग असलेला एन्कोडर मात्र लवचीक कपलिंगनेच जोडावा, नाहीतर दोन शाफ्टमधला थोडासा बाकही त्याचे बेअरिंग खातो.

चुंबकीय एन्कोडर बसवायला सोपा. शाफ्टच्या टोकाला व्यासाच्या दिशेने चुंबकित केलेली गोल चकती आणि समोर चिप. एएस५६०० या चिपसाठी ६ मिमी व्यासाचे चुंबक चालते, दोहोंमधली फट अर्धा ते तीन मिमी. ती एका फेऱ्याचे ४०९६ भाग करते. पोलादी शाफ्ट चुंबकाचे क्षेत्र ओढून घेतो, म्हणून मध्ये पितळ किंवा प्लास्टिकची टोपी घालतात. उरलेली वाकडीतिकडी चूक मोटरला सावकाश २०० पावले चालवून, प्रत्येक पावलाचे वाचन कोष्टकात नोंदवून बरीचशी काढता येते.

उष्णता हा सहज विसरला जाणारा मुद्दा. पूर्ण प्रवाहावर उभी असलेली स्टेपर मोटर हात टेकवत नाही इतकी तापते. थ्रीडी छपाईत वापरले जाणारे पीएलए प्लास्टिक साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडते. त्याचा छापलेला ब्रॅकेट टेबलावर चाचणीत झकास दिसतो आणि तासाभरात चिपसह हळूच झुकतो. धातूचा ब्रॅकेट आणि उष्णता सोसणारा इपॉक्सी वापरावा.

ड्रायव्हर प्रवाहाची वेगाने उघडझाप करत असल्याने मोटरच्या तारांतून गोंगाट पसरतो. एन्कोडरची केबल त्यांच्यापासून वेगळी न्यावी. अंतर लांब असेल तर पीळ दिलेल्या जोडतारांवर प्रत्येक संकेत आणि त्याचा उलटा संकेत असे दोन्ही पाठवावेत.

मोटरच्या मागे बसलेला एन्कोडर फक्त मोटरचीच साक्ष देतो. पुढे कपलिंग घसरले किंवा पट्टा ताणला तर त्याला काहीच दिसत नाही. ते पाहायचे असेल तर सरकणाऱ्या भागावरच मोजपट्टी लावावी लागते. आणि पहिल्यांदा वीज देताना बंद-चक्र नियंत्रण (एन्कोडरचे माप पाहून मोटरची चूक भरून काढणे) सुरू करण्याआधी शाफ्ट हाताने फिरवून दिशा तपासावी. ए आणि बी उलटे जोडले गेले असतील, तर नियंत्रक चूक भरून काढण्याऐवजी ती वाढवत जातो आणि मोटर थेट टोकाला जाऊन आदळते.