सणक किती वेळ टिकते?

मराठवाड्यात कपाशीवर, सोयाबीनवर फवारायच्या विषाला कुणी विष म्हणत नाही, ‘औषध’ म्हणतात. जुलै-ऑगस्टात ते घरोघरी येऊन पडतं आणि उरलेली बाटली पुढच्या फवारणीपर्यंत घरात नाहीतर शेतातल्या आखाड्यावर राहते. त्याच घरात, त्याच दिवशी भावाभावांचं भांडण होऊ शकतं, बँकेची नोटीस येऊ शकते, पोरीचा निकाल लागू शकतो. रागाच्या भरात माणूस काय करून बसतो, याचा अभ्यास मानसशास्त्रात अनेक दशकं चालला आहे. त्यातून पुढे आलेल्या गोष्टींचा या बाटलीशी थेट संबंध आहे.

दुसऱ्यावर हात उगारणारा आणि स्वतःच्या जिवावर उठणारा, ही दोन वेगळ्या स्वभावाची माणसं असतात असा आपला समज. सिग्मंड फ्रॉइडने १९१७ मध्येच सुचवलं होतं की दुसऱ्यावरचा राग उलटून स्वतःवर येऊ शकतो. पण तो तर्क होता. मोजमाप आलं १९७६ मध्ये. स्टॉकहोममध्ये मारी ओसबर्ग यांनी नैराश्याच्या ६८ रुग्णांच्या पाठीच्या कण्यातला द्राव तपासला. सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचं विघटन होऊन जो पदार्थ बनतो, तो ज्यांच्या द्रावात कमी होता, त्यांच्यात आत्महत्येचे प्रयत्न जास्त होते. तीनच वर्षांनी अमेरिकेत सैन्यातल्या तरुणांवर असाच अभ्यास झाला आणि हाच पदार्थ मारामाऱ्या करणाऱ्यांमध्येही कमी भरला.

मग १९८३ मध्ये मार्कू लिनोइला आणि सहकाऱ्यांनी फिनलंडमधल्या हिंसक गुन्हेगारांचे दोन गट पाडले: आधी ठरवून गुन्हा केलेले आणि तिरीमिरीत केलेले. या पदार्थाची पातळी कमी होती ती तिरीमिरीवाल्यांची. या क्षेत्रातला हा मला सगळ्यात मोलाचा निष्कर्ष वाटतो, कारण त्याने प्रश्नच बदलला. राग किती मोठा, यापेक्षा त्या क्षणी ब्रेक लागतो की नाही हे महत्त्वाचं ठरलं. रॉबर्ट प्लुचिक आणि हर्मन व्हॅन प्राग यांनी पुढे मांडलं की आक्रमकतेची उसळी एकच असते. ती बाहेर फुटेल की आत वळेल, हे हताशपणा, एकटेपणा, घरातलं वातावरण अशा इतर गोष्टी ठरवतात.

इथे एक खबरदारी. ‘सेरोटोनिन कमी, म्हणून आत्महत्या’ असं सोपं गणित नाही. कोण स्वतःला इजा करेल हे सांगणारी रक्ताची चाचणी आज उपलब्ध नाही, त्यामुळे त्यासाठी लॅबमध्ये पैसे घालू नयेत.

ब्रेक ढिले कशाने होतात, ते मात्र नीट माहीत आहे. दारूने होतात. अपुऱ्या झोपेनेही होतात. मोटार चालू करायला रात्रीच्या लाइटची वाट बघत जागणारा माणूस सकाळी चिडका असतो, यात स्वभावाचा दोष कमी आणि जागरणाचा जास्त.

‘राग बाहेर काढून टाक, मोकळा होशील’ हा सल्ला आपण सर्रास देतो. ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये तो ६०० विद्यार्थ्यांवर तपासला. प्रत्येकाने लिहिलेल्या निबंधावर मुद्दाम अपमानास्पद शेरा मारला. मग काहींना त्या शेरा मारणाऱ्याला मनात धरून बॉक्सिंगच्या पोत्यावर ठोसे मारायला लावलं, काहींना व्यायाम म्हणून मारायला लावलं आणि काहींना दोन मिनिटं नुसतं बसवलं. सगळ्यात संतापलेला गट निघाला तो माणूस मनात धरून ठोसे मारणारा. नुसते बसलेले सगळ्यात कमी आक्रमक राहिले. २०२४ मध्ये १५४ अभ्यास आणि १०,१८९ माणसांची माहिती एकत्र केली, तेव्हाही हेच दिसलं. शरीर तापवणाऱ्या गोष्टींनी राग उतरत नाही; दीर्घ श्वसन, ध्यान, योग यांनी उतरतो.

श्वासाची रीत साधी आहे. नाकाने चार अंक मोजत श्वास आत, सहा ते आठ अंक मोजत बाहेर, असं पाच मिनिटं. चूक होते ती जोरजोरात मोठे श्वास घेण्यात. त्याने बोटांना मुंग्या येतात, गरगरतं आणि घाबरटपणा वाढतो. सोडलेला श्वास लांब हवा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांच्या उपचारपद्धतीत आणखी एक उपाय शिकवतात: श्वास रोखून चेहरा साधारण तीस सेकंद थंड पाण्यात धरायचा. त्याने हृदयाचे ठोके मंदावतात आणि उसळी ओसरते. हृदयविकार असलेल्यांनी हे करू नये.

काही मुलंमुली मरण्याचा हेतू नसताना स्वतःला इजा करतात. मॅथ्यू नॉक आणि मिचेल प्रिन्स्टीन यांनी २००४ मध्ये त्यामागची कारणं तपासली. बहुतेकांचं कारण आतलं होतं: सहन न होणारी घालमेल थांबवायची किंवा आलेला बधिरपणा घालवायचा. लक्ष वेधणं हे कारण त्या मानाने कमी आढळलं. घरात मात्र पहिला शब्द निघतो ‘नाटकं’. मग मूल लपवायला शिकतं, आणि धोका तिथून वाढतो. खरडपट्टी न काढता ‘त्या वेळी तुला काय होत होतं?’ एवढं विचारावं.

आणि ‘मरावंसं वाटतं का?’ हेही स्पष्ट शब्दांत विचारावं. विचारल्याने डोक्यात नसलेलं येतं, ही भीती खोटी आहे. मॅडलिन गोल्ड यांनी २००५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या २,३४२ शालेय विद्यार्थ्यांवर ते तपासलं. प्रश्न विचारलेल्यांची अस्वस्थता वाढली नाही. आधीच खचलेल्यांची उलट थोडी कमी झाली.

आता बाटलीकडे परत येऊ. ग्रामीण श्रीलंकेत कीटकनाशक प्यायलेल्या रुग्णांशी बोलल्यावर कळलं की निम्म्याहून अधिक जणांच्या विचारात आणि कृतीत अर्धा तासही गेला नव्हता, आणि प्यायलं ते हाताशी होतं म्हणून. सणक ओसरते. तेवढा वेळ विष हाताशी नसेल, तर माणूस पुष्कळदा वाचतो. श्रीलंकेने १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकं टप्प्याटप्प्याने बंद केली, आणि पुढच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटलं.

घरात कुलपाची पेटी ठेवली की काम झालं, असं मात्र नाही. श्रीलंकेतच १८० गावांत अशा पेट्या वाटून पाहिल्या. २०१७ मध्ये निकाल आला: फरक पडला नाही. कुलूप लावलं, तरी विष आणि किल्ली एकाच छपराखाली असतात. तमिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यात डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी गावात एकच साठवण केंद्र करून, शेतकऱ्यांना त्यात कुलपाचे कप्पे देऊन पाहिलं. अंतर घरापासून केंद्रापर्यंतचं, आणि मध्ये केंद्र सांभाळणारा एक माणूस. दोनच गावांतल्या या प्रयोगाचा निकाल आशादायक होता. आपल्याकडे ग्रामपंचायतीला किंवा शेतकरी गटाला हे अवघड नाही. तोवर लागेल तेवढंच आणावं, उरलं तर घरी ठेवू नये, आणि भांडण झालेल्या दिवशी तर आधी ते घराबाहेर न्यावं.

कुणी प्यायलंच तर १०८ ला फोन करावा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नये; विष फुफ्फुसात जाऊ शकतं. अंगावर सांडलं असेल, तर स्वतःच्या हाताला न लागू देता कपडे काढून अंग साबणपाण्याने धुवावं. बाटली दवाखान्यात सोबत न्यावी, कारण उपचार लेबलवरच्या नावावर ठरतो. पोलीस केस होईल म्हणून उशीर करू नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम ११५ अशा व्यक्तीला तीव्र ताणाखाली असल्याचं मानतं, शिक्षा करत नाही.

दवाखान्यातून घरी आल्यावर सगळे गप्प होतात, आणि नेमके तेच आठवडे जोखमीचे असतात. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच ठिकाणी आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या १,८६७ जणांवर प्रयोग केला. निम्म्यांना नेहमीचा उपचार. उरलेल्यांना तासभराचं बोलणं आणि पुढच्या अठरा महिन्यांत नऊ वेळा भेट किंवा फोन. पहिल्या गटात २.२ टक्के, दुसऱ्यात ०.२ टक्के लोकांनी पुढे आत्महत्या केली. भेटी होत्या पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, सातव्या आणि अकराव्या आठवड्यात, नंतर चौथ्या, सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या महिन्यात. आशाताई, मामा, शाळेतले सर, कुणीही या नऊ तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवू शकतं. फोन केल्यावर झोप कशी आहे, जेवण जातं का, पुन्हा तसे विचार येतात का, एवढं विचारायचं. ‘येतात’ म्हणाला, तर त्याला एकटं सोडायचं नाही आणि तिथूनच टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावायचा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.