मधुमेही डोळ्यावरचे उपचार : लेझर, इंजेक्शन आणि 2016 चा आदेश

इन्सुलिन 1922 मध्ये रुग्णांना मिळू लागलं. त्याआधी कमी वयात मधुमेह झालेली माणसं डोळे जाण्याइतकी जगतच नसत. आयुष्य वाढलं तसा डोळ्याच्या पडद्याचा (रेटिनाचा) आजार पुढे आला, आणि त्यावर कितीतरी वर्षं हाती काही ठोस नव्हतं. 1950-60 च्या दशकांत तर नजर वाचवण्यासाठी मेंदूच्या तळाची पिट्युटरी ग्रंथी काढून टाकण्यापर्यंत मजल गेली होती.

चित्र पालटलं लेझरने. अमेरिकेत 15 केंद्रांवर सतराशेहून अधिक रुग्णांच्या एकाच डोळ्यावर लेझर करून दुसरा तसाच ठेवला गेला. 1976 पर्यंत फरक उघड झाला. नजर पार जाण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं होतं. मग राहिलेल्या डोळ्यांनाही लेझर देण्याची मुभा मिळाली. 1985 मध्ये पडद्याच्या मध्यभागाच्या, म्हणजे मॅक्युलाच्या सुजेवरही लेझर उपयोगी ठरल्याचं जाहीर झालं. गेलेली नजर मात्र त्याने क्वचितच परत येई, असलेली टिके. ‘लेझर मारूनही दिसत नाही’ ही तक्रार आजही कानी येते, ती हे आधी नीट न सांगितल्यामुळे.

पूर्ण पडद्याच्या लेझरमध्ये कडेच्या भागावर साधारण 1200 ते 1600 ठिपके मारतात, बहुधा दोन-तीन बैठकांत. प्राणवायू कमी पडलेल्या पडद्यातून व्हीईजीएफ नावाचं द्रव्य सुटतं, त्याने नव्या ठिसूळ रक्तवाहिन्या उगवतात आणि त्या फुटल्या की डोळ्यात रक्त उतरतं. कडेचा काही भाग जाळला की प्राणवायूची मागणी घटते आणि या वाहिन्या सुकतात. त्याची किंमत म्हणून रात्रीची नजर आणि बाजूचं दिसणं थोडं कमी होतं. पहाटे काळोखात होडी काढणाऱ्याला किंवा दिवे नसलेल्या वाडीच्या रस्त्याने दुचाकी हाकणाऱ्याला हे लेझरआधीच सांगायला हवं.

2005 मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर असलेलं बेव्हॅसिझुमॅब डोळ्यात टोचलं गेलं आणि सूज उतरलेली दिसली. हे औषध व्हीईजीएफलाच अडवतं. पुढे खास डोळ्यासाठी बनवलेली रॅनिबिझुमॅब आणि अफ्लिबरसेप्ट आली, पण कित्येक पट महाग. बेव्हॅसिझुमॅबच्या 4 मिलीच्या कुपीत 100 मिलिग्रॅम औषध असतं. डोळ्याला लागतं 1.25 मिलिग्रॅम, म्हणजे 0.05 मिली. एका कुपीतून अनेक रुग्णांचे डोस निघतात. स्वस्ताईचं कारण हेच आणि धोक्याचंही हेच.

जानेवारी 2016 मध्ये गुजरातेत हे इंजेक्शन घेतलेल्या काही रुग्णांच्या डोळ्यांना इजा झाली आणि देशाच्या औषध नियंत्रकांनी डोळ्यात त्याचा वापर थांबवायला सांगितलं. नेत्रतज्ज्ञांनी विरोध केला आणि दोनेक महिन्यांत निर्बंध उठला. आदेशामागची काळजी खोटी नव्हती. परवाना कर्करोगाचा आणि वापर डोळ्यासाठी, मग काही बिघडलं तर जबाबदारी कोणाची, हा प्रश्न खराच आहे. पण अशा वेळी आधी तपासायची ती हाताळणी. या कुपीत जंतू रोखणारं रसायन नसतं. एकाच कुपीत दिवसभर पुन्हा पुन्हा सुई खुपसली, निर्जंतुक हवेच्या कपाटाबाहेर डोस भरले किंवा 2 ते 8 अंशांची थंडी तुटली, की संसर्गाला किंवा औषध बिघडायला वाट मिळते. पावसाळ्यात कोकणात वीज तासन्‌तास जाते, तेव्हा फ्रिजला पर्यायी वीज आहे का, हे रुग्णाने खुशाल विचारावं. निर्बंध उठला तरी नातेवाइकांच्या मनातली भीती उठली नाही. ‘बंदीवालं इंजेक्शन’ नको म्हणून महागडं निवडायचं आणि पैसे संपले की दुसऱ्या डोसनंतर येणंच बंद करायचं, यात नजरेचं नुकसान जास्त.

मॅक्युलाच्या सुजेवर तिन्ही औषधांची तुलना 660 रुग्णांवर झाली, तिचे निष्कर्ष 2015 मध्ये आले. नजर सुरुवातीला बरी असेल तर तिन्ही सारखी. 6/15 (निरोगी डोळ्याला 15 मीटरवरून दिसणारं अक्षर 6 मीटरवरूनच दिसणं) किंवा त्याहून कमी असेल तर पहिल्या वर्षी अफ्लिबरसेप्ट सरस. 2022 मध्ये अशा कमी नजरेच्या डोळ्यांतही स्वस्त बेव्हॅसिझुमॅबने सुरुवात करून गरजेपुरतं अफ्लिबरसेप्टवर बदललं, तर दोन वर्षांनी निकाल सुरुवातीपासून अफ्लिबरसेप्ट दिल्याच्या तोडीस तोड दिसला. अर्थात त्यातल्या बहुतेक डोळ्यांना औषध बदलावं लागलंच.

प्रत्यक्ष टोचणं मिनिटभराचं. बधिर करणारे ड्रॉप, 5 टक्के पोव्हिडोन आयोडिन, पापण्या उघड्या ठेवणारा चिमटा, आणि बुबुळाच्या कडेपासून 3.5 ते 4 मिलिमीटरवर बारीक सुई. नंतर डोळा चुरचुरतो तो बहुधा आयोडिनमुळे. पांढऱ्या भागावर लाल डाग आला तर आठवड्या-दोन आठवड्यांत आपसूक जातो. विहिरीचं, व्हाळाचं पाणी काही दिवस डोळ्यात जाऊ द्यायचं नाही. दुसऱ्या ते पाचव्या दिवशी दुखणं वाढलं आणि नजर ढळली तर सकाळची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. आधी पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल तर टोचण्यापूर्वी सांगायचं. पहिले काही महिने दर महिन्याला टोचतात, पुढे अंतर वाढतं. एका इंजेक्शनवर थांबलं तर सूज पुन्हा भरते.

नव्या वाहिन्यांवरही लेझरऐवजी इंजेक्शन चालतं, हे 2015 नंतर मान्य झालं. मात्र सहा महिन्यांहून जास्त काळ खंड पडलेल्यांत, केवळ इंजेक्शनवर असलेल्यांचे पडदे लेझर झालेल्यांपेक्षा जास्त ओढले जाऊन सुटलेले आढळले. भातलावणी, गणपती, आंब्याचा हंगाम यांत ज्याची तारीख हमखास चुकणार, त्याने हे डॉक्टरांना स्पष्ट सांगून लेझर मागावं.

पडदा ओढला गेला किंवा डोळ्यात उतरलेलं रक्त विरलंच नाही, तर व्हिट्रेक्टॉमी, म्हणजे डोळ्याच्या आतला जेलीसारखा भाग काढून टाकणं. 1970 पासूनची ही शस्त्रक्रिया आता एक मिलिमीटरहून लहान छिद्रांतून होते. शेवटी पडदा जागी दाबून धरायला डोळ्यात वायू भरला असेल तर सांगितलेले दिवस तोंड खाली ठेवावं लागतं. यासाठीच्या दोन वायूंपैकी एसएफ6 साधारण दोन आठवडे राहतो, सी3एफ8 सहा ते आठ आठवडे. तोवर गोव्याच्या मोपा विमानतळावरून विमान नाही. गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात वायू भरून घेतला आणि मग आंबोली किंवा फोंडा घाट चढून कोल्हापूरला गेलं, तरी उंचीमुळे बुडबुडा फुगून डोळ्यातला दाब वाढू शकतो, म्हणून घाट चढायचं आधी विचारायचं. दरम्यान दुसरं ऑपरेशन निघालं तर भूल देणाऱ्याला बुडबुड्याचं सांगायचं. नायट्रस ऑक्साइडने तो झपाट्याने फुगतो. वायूऐवजी सिलिकॉन तेल भरलं तर घाटाची अडचण नाही, पण ते काढायला काही महिन्यांनी पुन्हा टेबलावर जावं लागतं.