रिम मोठी, टायर तेवढाच

मारुती स्विफ्टच्या २०१८ च्या मॉडेलमध्ये खालच्या व्हेरिअंटला १४ इंची पत्र्याचं चाक येत असे आणि वरच्या व्हेरिअंटला १५ इंची अलॉय. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्या की महागडीची चाकं मोठी दिसतात. प्रत्यक्षात रबरासकट चाकाची पूर्ण उंची काढली, तर फरक जेमतेम दोन मिलिमीटरचा निघतो. मोठी झालेली असते ती फक्त आतली धातूची रिम. बाहेरून अलॉय टाकायला निघालेल्या माणसाने आधी हे गणित समजून घ्यावं, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

टायरच्या अंगावरचं माप वाचायला सोपं आहे, फक्त विचित्र आहे. खालच्या स्विफ्टचा टायर १६५/८० आर १४. त्यातले १६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० ही टक्केवारी: साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के. आर म्हणजे रेडियल, टायरच्या बांधणीचा प्रकार. आणि १४ हा रिमचा व्यास, तो मात्र इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी खिचडी जगभर सुखाने नांदते आहे आणि ती बदलायची कोणाची इच्छाही दिसत नाही.

आता हिशेब. १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर. साइडवॉल वरही आहे आणि खालीही, म्हणून दुप्पट, २६४. चौदा इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर. बेरीज ६१९.६. वरच्या स्विफ्टचा टायर १८५/६५ आर १५. तिथे साइडवॉल १२०.२५, दुप्पट २४०.५, अधिक १५ इंचांचे ३८१, एकूण ६२१.५. रिम एक इंचाने वाढली तेव्हा कंपनीने रुंदी २० मिलिमीटर वाढवली आणि टक्केवारी १५ ने उतरवली, बाहेरचा व्यास होता तिथेच ठेवला. याच वाटेने पुढे गेलं की १६ इंचाला १९५/५५ येतो (६२०.९) आणि १७ इंचाला २०५/४५ (६१६.३). दुकानात गेल्यावर मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर एवढं करायला अर्धं मिनिट पुरतं.

हा व्यास इतका जपायचा कशासाठी? गाडीला रस्ता दिसत नाही, तिला चाकाचे फेरे कळतात. एका फेऱ्यात किती अंतर जातं हे कारखान्यात ठरवून दिलेलं असतं आणि स्पीडोमीटर, किलोमीटरचा आकडा, एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा), सगळे त्यावर विसंबून असतात. समजा कोणी ‘१६ इंच आणि गुबगुबीत’ असा विचार करून २०५/६५ आर १६ चढवला. त्याचा व्यास ६७२.९, म्हणजे मूळच्यापेक्षा आठ टक्क्यांहून जास्त. आता मीटरवर १०० दिसत असताना गाडी पूर्वीपेक्षा आठ टक्के जास्त वेगाने धावते आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांनुसार स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा थोडं जास्त दाखवलं तर चालतं, कमी दाखवून चालत नाही, आणि म्हणून कंपन्या तो मुद्दाम किंचित पुढे ठेवतात. आठ टक्क्यांत ती सवलत संपून जाऊ शकते. शिवाय मोठ्या चाकामुळे प्रत्येक गिअर जणू लांब होतो, रस्त्यावर पोहोचणारा जोर तेवढ्याच प्रमाणात घटतो आणि घाटात जिथे तिसऱ्यावर गाडी चढत होती तिथे दुसरा टाकावा लागतो. ग्राउंड क्लिअरन्स वाढतो हे खरं, पण व्यासातल्या वाढीच्या निम्माच, इथे सुमारे अडीच सेंटिमीटर. टायर चाकाच्या कमानीला घासायला लागला तर त्या अडीच सेंटिमीटरचा उपयोग काय? टायरवाले साधारण दोन-तीन टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घेतात. मी दोनच्या पलीकडे जाणार नाही.

तेव्हा बाहेरचा व्यास गाडीचा आणि आतला आपला. रिमचा प्रत्येक वाढीव इंच साइडवॉलमधून कापून घेतलेला असतो. म्हणजे आपण हवा देऊन धातू घेत असतो, आणि हा सौदा फायद्याचा की तोट्याचा हे गाडी कुठे चालवता यावर ठरतं.

फायदा खोटा नाही. उंच साइडवॉल वळणावर आडवी मुडपते. स्टिअरिंग फिरवल्यावर आधी ती वाकते, मग गाडी वळते. भिंत बुटकी असली की हा मधला वेळ घटतो, गाडी हाताला चटकन उत्तर देते आणि लेन बदलताना डोलत नाही. १४ वरून १५ वर गेलेल्या माणसाला हे पहिल्याच वळणावर जाणवतं.

तोटा खड्ड्यात कळतो. १४ इंचाला रिम आणि रस्ता यांच्यामध्ये १३२ मिलिमीटर होते, १७ इंचाला ९२ उरले. खड्ड्याच्या धारदार कडेवर चाक वेगात आदळलं की बुटकी साइडवॉल पूर्ण दबते आणि खड्ड्याची कड व रिमची कड यांच्या चिमटीत सापडते. साइडवॉलच्या आत पॉलिस्टरच्या दोऱ्यांचे थर असतात. हवेचा दाब पेलतात ते हे दोरे, रबर नुसतं हवा अडवतं. चिमटीत काही दोरे तुटतात, वरचं रबर शाबूत राहतं आणि दुसऱ्या दिवशी तिथे लिंबाएवढा फुगा आलेला दिसतो. फुगा आलेला टायर बदलावाच लागतो, त्याला पॅच नसतो. याउलट साइडवॉलवर कधीकधी आत ओढल्यासारखी उभी रेघ दिसते. तिथे दोऱ्यांच्या थराची दोन टोकं एकमेकांवर चढवून जोडलेली असतात. ती जागा दुप्पट जाड असल्याने कमी ताणली जाते, इतकंच. बोट फिरवून पाहावं: आत गेलेलं असेल तर घाबरायचं कारण नाही, बाहेर आलेलं असेल तर गाडी सावकाश टायरच्या दुकानात न्यावी.

रिमचं म्हणाल तर पत्रा वाकतो आणि ओतीव अॅल्युमिनियमला तडा जाऊ शकतो. वाकलेली पत्र्याची रिम ठोकून सरळ करणारे अजून गावोगाव आहेत. तडा गेलेल्या अलॉयला वेल्डिंग करून देणारेही भेटतात, पण त्यांच्याकडे मी जाणार नाही.

रुंद टायर जास्त पकडतो, कारण त्याचं जास्त रबर रस्त्याला टेकतं, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. चार माणसांसकट १२०० किलोची गाडी धरली तर एका चाकावर ३०० किलो येतात. टायरमध्ये ३३ पीएसआय हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलो. तीनशेला २.३ ने भागलं की १३० चौरस सेंटिमीटर. साइडवॉलचा ताठपणा थोडा भार उचलतो, त्यामुळे आकडा काटेकोर नाही, पण अंदाज पक्का आहे: प्रत्येक चाक रस्त्याला साधारण एका पोस्टकार्डाएवढंच टेकतं. टायर रुंद केला आणि हवा तेवढीच ठेवली तर हे क्षेत्रफळ फारसं वाढत नाही, पोस्टकार्ड फक्त आडवं होतं. आडवं झाल्याने वळणावरची पकड सुधारते, कारण लांबट ठशाच्या मागच्या टोकाला रबर घसरू लागतं ते आखूड ठशात कमी होतं.

पण हाच आडवा ठसा पावसाळ्यात अंगावर येतो. साचलेल्या पाण्यावर वेगाने गेलं की टायरसमोर पाण्याची पाचर तयार होते आणि एका मर्यादेनंतर चाक रस्ता सोडून पाण्यावर तरंगायला लागतं. नासाच्या वॉल्टर हॉर्न यांनी १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवर प्रयोग करून याचं सोपं सूत्र दिलं: टायरमधल्या हवेच्या पीएसआयचं वर्गमूळ गुणिले नऊ, उत्तर नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत. ३३ पीएसआयला ते ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास येतं. खोल पाणी आणि झिजलेली नक्षी असली की हे लागू होतं, आणि एक्स्प्रेसवेवर बहुतेकजण याच वेगाच्या अलीकडे-पलीकडे असतात. त्या सूत्रात रुंदी नव्हती. पुढे ठशाच्या लांबी-रुंदीचं प्रमाणही विचारात घेतलं गेलं आणि रुंद-आखूड ठसा लवकर तरंगतो हे स्पष्ट झालं. कोकणात रोज ये-जा करणाऱ्याने रुंदीचा मोह आवरलेला बरा.

अलॉय हलकी असतात, हेही तपासून घ्यायचं वाक्य आहे. अॅल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, पण ते तेवढं मजबूत नसल्याने जाड ओतावं लागतं. १४ इंची पत्र्याच्या रिमपेक्षा १७ इंची स्वस्त ओतीव अलॉय जड निघू शकतं. भरीला रिमची धातूची कड केंद्रापासून दीड इंच आणखी बाहेर सरकलेली असते आणि फिरवायला लागणारा जोर अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढतो. पिकअप आणि अॅव्हरेज, दोन्हीत थोडी घट होते. दुकानात वजनकाटा असेल तर जुनं आणि नवं चाक ठेवून पाहायला लाजू नये.

रिमचा व्यास सगळे विचारतात, तिची रुंदी आणि ऑफसेट कोणी विचारत नाही. घासाघाशीचं मूळ बहुतेक तिथेच असतं. ऑफसेट म्हणजे हबला (गाडीच्या ज्या मधल्या भागावर चाक आवळतात त्याला) टेकणारी बाजू रिमच्या मध्यापासून किती मिलिमीटर सरकलेली आहे ते. रिमवर ‘ईटी ४५’ असं कोरलेलं असतं. ६ इंच रुंद, ईटी ४५ ची रिम काढून ७ इंच रुंद, ईटी ३५ ची बसवली तर रुंदीमुळे दोन्ही बाजूंना १२.७ मिलिमीटर वाढतात आणि ऑफसेटमुळे सगळं चाक १० मिलिमीटर बाहेर सरकतं. बाहेरची कड जवळपास २३ मिलिमीटर बाहेर, आतली तीन मिलिमीटरही आत नाही. मग रिकाम्या गाडीत छान दिसतं आणि मागे तीन माणसं बसवून स्पीडब्रेकर ओलांडला की खर्र. म्हणून चाचणी भरलेल्या गाडीवर, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून घ्यावी. नटांच्या वर्तुळाचं माप, म्हणजे पीसीडी, जुळलंच पाहिजे: ४×१०० च्या (चार नट, १०० मिलिमीटरचं वर्तुळ) हबवर ४×९८ ची रिम ‘बसते हो’ म्हणून आवळणारा कारागीर दिसला तर तिथून निघावं. मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर मधली रिंग मागावी, नाहीतर बॅलन्सिंग करूनही स्टिअरिंग थरथरू शकतं.

आता भार. मापाच्या पुढे ८८एच असं काहीतरी असतं. ८८ म्हणजे त्या टायरवर जास्तीत जास्त ५६० किलो, एच म्हणजे कमाल वेग ताशी २१०. १८५/६५ आर १५ सहसा ८८ चा असतो, १९५/५५ आर १६ सहसा ८७ चा, म्हणजे ५४५ किलो. साधा २०५/४५ आर १७ मात्र ८४ वर येतो, ५०० किलो. आतली हवा कमी झाली, भार पेलण्याची ताकदही कमी झाली. त्यावर कंपन्या त्याच मापाचा ‘एक्स्ट्रा लोड’ टायर देतात, तो पुन्हा ८८. कागदावर बरोबरी झाली, पण त्यात एक मेख आहे. साधा टायर आपला पूर्ण भार २५० किलोपास्कल म्हणजे ३६ पीएसआयवर उचलतो, एक्स्ट्रा लोड २९० म्हणजे ४२ वर. दोन्हींत ३३ भरली तर साधा ८८ सुमारे ५२५ किलोपर्यंत जातो आणि एक्स्ट्रा लोडवाला ४६५ च्या आसपास थांबतो. तेवढाच भार उचलायला त्यात ३९ भरावी लागते. दाराच्या चौकटीवरचा हवेचा तक्ता मूळ टायरचा असतो. पेट्रोल पंपावरच्या पोराला ‘तेहतीस’ सांगायची सवय इथे मोडावी लागते. आणि ३९ वर, बुटक्या साइडवॉलसह, गाडी आतून कशी आदळते ते वेगळं सांगायला नको.

माझं मत विचाराल तर हॅचबॅकला एक इंच वाढवावा आणि थांबावं. त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिअंटला कंपनीने दिलेलं माप मिळत असेल तर त्याहून चांगलं काही नाही: व्यास, ऑफसेट, भार, सगळं तपासून झालेलं असतं. दुसरा इंच हायवेवरच जास्त राहणाऱ्यांनी विचार करून घ्यावा. तिसरा फोटोसाठी असतो.

स्टेपनी जुनीच राहणार, तेव्हा तिचा आणि नव्या चाकांचा व्यास जवळपास सारखा हवा. नाहीतर एबीएसला एका चाकाचे फेरे वेगळे दिसतात. स्टेपनी लावून हळू, आणि पंक्चरवाल्यापर्यंतच जावं. नवीन अलॉयचे नट कधी वेगळ्या बैठकीचे असतात आणि पत्र्याच्या स्टेपनीवर नीट आवळले जात नाहीत, म्हणून दुकानातून निघताना जुन्या नटांपैकी एका चाकाचे तरी मागून घेऊन जॅकच्या पिशवीत टाकावेत.