सहाशे अंशांचा रंग आणि लॅगिंगखालचा रंग

"पाईपला दोन हात एचआर (हीट रेझिस्टंट) ॲल्युमिनियम मारा, वर रॉकवूल, वर पत्रा. सहाशे डिग्रीचा रंग हाय, काय होतंय त्याला?" संकेश्वरपासून अथणीपर्यंत कुठल्याही साखर कारखान्यात ऑफ-सीझनला जा, हे ऐकायला मिळतंच.

लॅगिंग, म्हणजे गरम पाईपवरचं हे रॉकवूल-पत्र्याचं आवरण, कसं चढवतात ते तुम्हाला माहीत आहे. हा रंग आणि लॅगिंगखाली हवा तो रंग यांच्या भावातला फरक दुकानदार सांगेल. घोळ आहे तो दुसरीकडेच.

एचआर ॲल्युमिनियम, म्हणजे चंदेरी सिलिकॉन ॲल्युमिनियम रंग, कोरडी उष्णता सोसतो. धुराडं, भट्टीचं दार अशा उघड्या, तापत्या लोखंडाला तो उत्तम. पण एका हाताचा थर जेमतेम 20-25 मायक्रॉन, आणि पुरता पक्का व्हायला त्याला साधारण 200 अंश लागतात. एक्झॉस्ट स्टीमची (टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या वाफेची) लाईन चालते 120-130 वर. म्हणजे तिथं तो कच्चाच राहतो.

शिवाय लॅगिंगखाली गाठ पडते ती गरम पाण्याशी. पत्र्याच्या जोडातून, व्हॉल्वच्या मानेशी, सपोर्टपाशी पाणी आत जातं आणि रॉकवूलमध्ये मुरतं. उघड्या भांड्यात पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन उडून जातो आणि गंज मंदावतो. पत्र्याखाली ऑक्सिजन कोंडलेला असतो, त्यामुळे तापमान वाढेल तसा गंजही वाढतो. साध्या पोलादाला उणे 12 ते 175 अंश हा सगळाच पट्टा धोक्याचा. सपोर्टपाशी पत्रा उघडून बघा: चंदेरी पापुद्रा रॉकवूललाच चिकटून येतो, आणि खाली बोटानं निघणाऱ्या तपकिरी खपल्या.

"आमची मेन स्टीम लाईन चारशेच्या वर, तिथं पाणी टिकतंय कुठं?" असं बॉयलरच्या वाफेच्या लाईनीबद्दल कुणी म्हणेल. सीझनमध्ये नाही टिकत. पण गाळप संपलं की तीच लाईन अख्खा पावसाळा थंड पडून भिजते. बेळगावजवळच्या खानापूरकडचा पाऊस असेल तर बोलायलाच नको.

लॅगिंगखाली हवा तो पाण्यात बुडून राहिला तरी टिकणारा रंग. दीडशे अंशांपर्यंत इपॉक्सी फिनॉलिक, दोन हात, प्रत्येकी शंभर मायक्रॉनच्या पुढे. त्याहून तापणाऱ्या किंवा सारख्या चालू-बंद होणाऱ्या लाईनीला वितळलेल्या ॲल्युमिनियमचा फवारा. खर्चिक आहे, पण माझं मत त्यालाच. दोन्हींच्या आधी ब्लास्टिंग, म्हणजे खड्याचा जोरदार मारा करून लोखंड साफ करणं. वायरब्रश फिरवून इपॉक्सी मारणाऱ्याचं बिल मी तरी पास करणार नाही.

आणि कुणी "नुसतं झिंक मारू" म्हटलं तर तो झिंकचा रंगही नको. 50 ते 150 अंशांत, ओल्या लॅगिंगखाली झिंक लवकर संपतं. एरवी झिंक स्वतः झिजून लोखंड वाचवतं; साठ अंशांच्या वर तर कधीकधी उलटंच होतं: झिंक वाचतं आणि लोखंड झिजतं.

बजेट तोकडं असेल तर आधी 60 ते 120 अंशांच्या लाईनी धरा, त्यातही पाईपची खालची बाजू आणि सपोर्ट. मेन स्टीम पुढच्या ऑफ-सीझनला घेतली तरी चालेल. तोवर तिच्या पत्र्याचे जोड पाणी निथळेल असे खाली तोंड करून बसवून घ्या.