काचेच्या पावडरीत सिरॅमिकचे कण टाकले की भट्टीत काय होतं, त्यामागचा इतिहास

आपल्या इकडं कुंभार माठाच्या मातीत बारीक रेती नाहीतर राख कालवतात, काहून तर माठ वाळताना आणि आव्यात भाजताना कमी आकसतो, तडकत नाही. कडक कण आकसणं अडवतात हे हाताला कधीचंच माहीत आहे, पण काचेच्या बाबतीत त्याचं गणित जमायला पार १९८७ उजाडलं.

सुरुवात १९४५ ची. याकोव फ्रेंकेल या सोव्हिएत शास्त्रज्ञानं दाखवलं की काच तापून मऊ झाली की दोन कण जिथं टेकतात तिथं ती वाहत येते, जोड जाड होत जातो, पृष्ठताण ओढतो आणि काचेचा चिकटपणा अडवतो, म्हणून पावडर जितकी बारीक तितकं काम लवकर. १९४९ ला मॅकेन्झी आणि शटलवर्थनी शेवटी उरणाऱ्या बंद छिद्रांचा हिशोब मांडला. पण हे सगळं निव्वळ काचेचं.

काचेत मिसळलेल्या सिरॅमिकच्या कणांचा प्रश्न पेटला तो इलेक्ट्रॉनिक्समुळं. नुसता अॅल्युमिना (अॅल्युमिनियमचा ऑक्साइड, एक सिरॅमिक) पक्का व्हायला १५०० अंशांच्या आसपास तापवावा लागतो आणि चांदी तर ९६१ लाच वितळते, मग काच आणि अॅल्युमिना मिसळून ८५०-९०० अंशांत भाजायचं म्हणजे सर्किटच्या पाटीवर छापलेल्या चांदीच्या रेघा टिकतात. इथं कुंभाराच्या उलटं, माल पूर्ण आकसून घट्ट व्हायलाच पाहिजे, नाहीतर छिद्रं राहतात आणि ओल शिरते.

कण का अडवतात यावर बराच वाद झाला. काच आकसते, कण आकसत नाही, म्हणून कणाभोवती ताण येतो आणि तोच आडवा येतो असं पुष्कळांना वाटायचं. जॉर्ज शेरर या शास्त्रज्ञानं १९८७ ला हिशोब करून दाखवलं की काच वाहती असल्यानं तो ताण किरकोळ आहे. त्याच वर्षी रहमान आणि डी जोंघनी काचेच्या पावडरीत सिलिकॉन कार्बाइड या कडक सिरॅमिकचे कण मिसळून पाह्यलं, तर थोडे कण असेपर्यंत शेररचं गणित जुळलं, पुढं घट्ट होण्याचा वेग धाडकन पडला. मला तरी हाच सगळ्यात मोलाचा प्रयोग वाटतो, कारण खरा अडथळा त्यातून दिसला: कण एकमेकांना टेकून आत सांगाडा उभा करतात. सारख्या आकाराचे गोल कण असले तर साधारण १६ टक्के आकारमानालाच ही साखळी जुळते, लांबट तंतू असले तर त्याच्याही आधी.

कण नुसते अडवतात असंही नाही नं. बोरोसिलिकेट (बोरॉन असलेली) काच भाजताना तिच्यात क्रिस्टोबलाइटचे, म्हणजे सिलिकाच्या एका प्रकारचे, स्फटिक धरतात, ते थंड होताना एकदम आकसतात आणि तडे जातात, अॅल्युमिना असला की ते धरणं रोखलं जातं.