साचेबंद समजूत

अमुक गटातला म्हणून माणूस कसा असणार, हे त्याला भेटण्याआधीच ठरवून टाकणारी आणि पुष्कळ लोकांत सारखीच आढळणारी कल्पना म्हणजे साचेबंद समजूत. तिच्यासाठी रूढ असलेला स्टिरिओटाइप हा शब्द छापखान्यातला. खिळे जुळवून तयार केलेल्या पानाचा साचा घेऊन त्यात धातूचा अखंड पत्रा ओतत. एकदा ओतला की त्यातले एकही अक्षर हलवता येत नसे. अमेरिकी पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९२२ मध्ये हा शब्द माणसांच्या डोक्यातल्या चित्रांना लावला.

समजूत, पूर्वग्रह आणि भेदभाव यांत गल्लत होते. घाटावरून आलेल्यांना गोव्यात हिणवून ‘घाटी’ म्हणतात. ‘घाटी म्हणजे अडाणी मजूर’ ही समजूत; तो शब्द ऐकताच मनात येणारी अढी हा पूर्वग्रह; आणि खोली रिकामी असताना ‘कालच गेली’ असे सांगणे हा भेदभाव. उपाय नेमका कुठे करायचा हे ठरवताना ही फोड लागते.

समजूत घडायला वैर लागत नाही, नुसती वर्गवारी पुरते. ताजफेल आणि विल्क्स या मानसशास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये आठ रेघांची लांबी लोकांकडून अजमावून घेतली. चार आखूड रेघांवर एक अक्षर आणि चार लांब रेघांवर दुसरे, एवढे केल्यावर दोन गटांमधले अंतर लोकांना होते त्याहून मोठे दिसले. रेघांना ना जात असते ना गाव.

दुसरे कारण मोजणीत आहे. हॅमिल्टन आणि गिफर्ड यांनी १९७६ मध्ये लोकांना ३९ वाक्ये वाचायला दिली. मोठ्या गटाविषयी १८ चांगली आणि ८ वाईट, छोट्या गटाविषयी ९ चांगली आणि ४ वाईट. दोन्हीकडे प्रमाण ९ ला ४. तरी वाचकांनी छोट्या गटाच्या पदरात वाईट वागणे जास्त घातले. गट दुर्मीळ, वाईट वागणेही दुर्मीळ. दोन्ही एकत्र आले की ते डोळ्यांत भरते आणि आठवणीत आधी येते. पुढच्या प्रयोगात चांगले वागणे दुर्मीळ ठेवले, तेव्हा छोटा गट जास्त चांगला ठरला. हाच हिशेब गावात मांडून पाहावा. समजा, वाड्यावर, म्हणजे गावातल्या एका वस्तीत, ५० घरे मूळची आणि ५ बिऱ्हाडे भायल्यांची, म्हणजे बाहेरून आलेल्यांची आहेत. वर्षभरात भांडणाचा आवाज १० घरांतून आणि एका बिऱ्हाडातून आला. पाचात एक, दोन्हीकडे. चर्चा मात्र त्या एका बिऱ्हाडाचीच होते.

तिसरे कारण म्हणजे कोण कुठे दिसतो. स्त्रियांविषयीच्या समजुती त्यांच्या वाट्याला आलेल्या कामांतून उगवतात, असे ईगली आणि स्टेफन यांनी १९८४ मध्ये दाखवले: काम पाहिले जाते आणि तोच स्वभाव मानला जातो. ‘सुशेगाद’ या शब्दाचे गोव्यात असेच झाले. मूळ पोर्तुगीज अर्थ शांत, निवांत. पर्यटनाच्या जाहिरातींनी त्याचा ‘गोंयकार म्हणजे आळशी’ करून टाकला. पर्यटकाला दिसते ते दुपारी बंद असलेले दुकान आणि किनाऱ्यावरची संध्याकाळ. रात्री उठून भट्टी पेटवणारा आणि उजाडताना सायकलला टोपली बांधून भोंपू वाजवत निघणारा पोदेर, म्हणजे पाववाला, त्याच्या झोपेत येऊन जातो. माडी काढायला दिवसातून दोन-तीनदा माड चढणारा रेंदेर त्याच्या वाटेवर नसतो. नमुनाच वाकडा निवडला, तर सरासरी सरळ कशी येणार?

चौथे कारण म्हणजे तर्कातली चूक, आणि मराठी वाचणाऱ्या गोमंतकीयाला ती चांगली ओळखीची आहे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ मते पडली. विलीनीकरण मागणारे बहुतेक मराठीचे पुरस्कर्ते होते. त्यावरून घरी कोकणी बोलणारा, देवळात मराठी भजन म्हणणारा आणि सकाळी मराठी दैनिक उघडणारा प्रत्येक जण विलीनीकरणवादी ठरत नाही. वाक्य उलटे फिरवले की खरे राहतेच असे नाही. हा शिक्का बसलेल्या घरांनी तो पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे.

समजूत निवाड्यात शिरते ती बहुधा पुरावा धूसर असताना. डार्ली आणि ग्रॉस यांच्या १९८३ च्या प्रयोगात एका शाळकरी मुलीची पार्श्वभूमी काहींना सधन, काहींना गरीब अशी दाखवली. एवढ्यावरच तिच्या कुवतीविषयी मत द्यायचे होते तेव्हा लोक जपून बोलले. मग उत्तरे कधी बरोबर, कधी चूक देणाऱ्या त्याच मुलीचे तेच चित्रीकरण दाखवले, आणि दोन्ही बाजूंची मते फाकली. प्रत्येकाला त्या चित्रीकरणात आपल्या समजुतीचा पुरावा सापडला. मुलाखतीत ‘पाहूनच कळले’ म्हणणाऱ्याने हा प्रयोग आठवावा.

नावावरूनही निकाल लागतो. थोरात आणि अ‍ॅटवेल यांनी भारतीय वृत्तपत्रांतल्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सारख्या पात्रतेच्या अर्जांत बोलावणे येण्याच्या संधीचे सवर्ण नावाशी गुणोत्तर दलित नावासाठी ०.६७ आणि मुसलमान नावासाठी ०.३३ निघाले. गोव्यात आडनाव आणि ‘तूं खंयचो?’ (तू कुठला?) या प्रश्नाचे उत्तर मिळून धर्म, बरेचदा जात आणि तालुकाही सांगून जातात, म्हणून इथे अर्जावरचे नाव झाकण्याला फार महत्त्व आहे.

‘मनातून काढून टाका’ हा सल्ला निकामी आहे. मॅक्रे आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये काहींना समजूत दाबून एका मुंडन केलेल्या दांडगट तरुणाचे वर्णन लिहायला सांगितले. लिहिले चांगले, पण नंतर त्याच्या वस्तू ठेवलेल्या खुर्चीपासून हीच माणसे जास्त लांब बसली. पद्धत बदलणे टिकते. नोकरी किंवा भाडेकरू निवडताना निकष आणि त्यांचे गुण अर्ज उघडण्याआधी कागदावर लिहावेत, सर्वांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारावेत, आणि प्रत्येक परीक्षकाने चर्चेआधी आपले गुण नोंदवावेत. निकष मागाहून ठरले की ते हव्या त्या उमेदवाराच्या मापाने शिवले जातात. उलमन आणि कोहेन यांनी २००५ मध्ये हे पोलीसप्रमुखाच्या काल्पनिक निवडीवर दाखवले, आणि निकष आधीच पक्के केल्यावर पक्षपात उरला नाही.

ओळख वाढली की समजूत सैल होते, पण तिला अटी आहेत. ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये चार सांगितल्या: समान दर्जा, एकच ध्येय, सहकार्य आणि वरिष्ठांचा पाठिंबा. मालकीण आणि कामवाली रोज भेटतात, तरी पहिलीच अट मोडते. मॅट लो यांनी उत्तर प्रदेशात ८०० तरुणांच्या क्रिकेट स्पर्धा भरवल्या. वेगवेगळ्या जातींचे खेळाडू एका संघात आले तिथे परजातीय मैत्री वाढली. समोरासमोर उभे राहिले तिथे तो लाभ झाला नाही. वाड्याचा फुटबॉल संघ भायल्यांच्या संघाविरुद्ध उतरवला, तर सामना रंगेल. ओळखीसाठी मात्र चिठ्ठ्या टाकून दोन्हीकडची पोरे प्रत्येक संघात मिसळावी लागतात.