वहन आणि अभिसरण: नावांनीच घातलेला घोळ

'वहन' म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? वाहून नेणं, वाहन, वाहक. म्हणजे काहीतरी उचलायचं आणि दुसरीकडे पोचवायचं. उष्णतेच्या धड्यात मात्र नेमकं उलट आहे. ज्या प्रकारात कोणीही जागचं हलत नाही त्याचं नाव वहन. आणि ज्यात पाणी किंवा हवा स्वतःच उष्णता अंगावर घेऊन निघते, त्याचं नाव अभिसरण. शाळेत मी ही दोन नावं हमखास उलटी लिहायचो, आणि सगळी चूक माझी नव्हती असं मला अजूनही वाटतं. इंग्रजीत अभिसरणाला 'कन्व्हेक्शन' म्हणतात, आणि त्या शब्दाचं लॅटिन मूळ 'सोबत वाहून नेणं' असंच आहे. विल्यम प्राऊट या इंग्रज डॉक्टर-रसायनशास्त्रज्ञाने १८३४ मध्ये तो उष्णतेसाठी वापरला. मराठीत ते वाहून नेणारं नाव दुसऱ्याच प्रकाराच्या वाट्याला गेलं.

पण मराठीनेच यावर उपायही देऊन ठेवला आहे. रक्ताभिसरण आठवा. रक्त जागेवर बसून पुढच्या थेंबाला काही देत नाही, ते स्वतः शरीरभर फिरतं. उष्णतेचं अभिसरण अगदी तसंच.

धातूची पळी उकळत्या पाण्यात ठेवून विसरलात, तर थोड्या वेळाने दांडा हाताला चटका देतो. पळीतला एकही कण खालून वर आलेला नसतो. तळाचे कण जोरात थरथरतात, शेजारच्यांना हादरे देतात, ते त्यांच्या शेजारच्यांना, अशी उष्णता हातोहात वर सरकते. धातूत मोकळे इलेक्ट्रॉन हे काम फार झपाट्याने करतात, म्हणून धातू लवकर तापतात. वहन समजायला एवढं पुरे.

अभिसरण मात्र डोळ्यांनी बघण्यासारखं आहे. काचेच्या चंचुपात्रात पाणी घ्या, ते स्थिर होऊ द्या आणि तळाशी एका कडेला पोटॅशियम परमँगनेटचा एक खडा अलगद सोडा. बरोबर त्याच्याखाली छोटी ज्योत धरा. काही क्षणांत खड्यापासून जांभळा धागा निघतो, सरळ वर चढतो, पृष्ठभागाला टेकला की आडवा वळतो आणि दुसऱ्या कडेने खाली उतरू लागतो. तळाशी सरकत तो पुन्हा ज्योतीपाशी येतो आणि फेरा पुरा होतो. तापलेलं पाणी प्रसरण पावतं, त्याची घनता कमी होते, आणि भोवतीचं थंड, जड पाणी खाली घुसून त्याला वर ढकलतं. 'उष्णता वर जाते' हे आपण सहज म्हणतो, पण ते बरोबर नाही. वर जातं ते गरम पाणी किंवा गरम हवा. वहनाला वर-खाली कळत नाही, ते गरमाकडून थंडाकडे कुठल्याही दिशेला जातं.

यावरचा माझा आवडता प्रयोग याच्या उलटा आहे. परीक्षानळीत बर्फाचा तुकडा टाकायचा, तो तरंगू नये म्हणून वर जाळीचा बोळा अडकवायचा आणि नळी पाण्याने भरायची. मग नळी तिरकी धरून ज्योत तळाला न लावता वरच्या टोकाला लावायची. वरचं पाणी खळखळून उकळू लागतं आणि खाली बर्फ बराच वेळ तसाच. गरम पाणी आधीच वर आहे, त्याला खाली यायचं कारणच नाही. त्यामुळे अभिसरण बंद. उरतं वहन, आणि त्या कामात पाणी अगदी मंद. औष्णिक वाहकता मोजली तर तांब्याची सुमारे ४००, पाण्याची जेमतेम ०.६ आणि हवेची ०.०२६ (वॅट प्रति मीटर-केल्विन). तळातून तापवलेलं १० सेंटिमीटर खोल पाणी अजिबात हललं नाही आणि सगळं काम वहनावरच सोडलं, तर ढोबळ हिशेबाने ते वरपर्यंत तापायला १० ते २० तास लागतील. प्रत्यक्षात काही मिनिटांत होतं. तो सगळा फरक अभिसरणाचा.

घट्ट पदार्थ तळाला का लागतो, तेही इथेच कळतं. पातळ असेपर्यंत तो स्वतःच फिरतो. घट्ट झाला की फिरणं थांबतं, तळाची उष्णता तळाशीच साचते आणि पदार्थ करपतो. मग आपण पळी घेऊन ढवळतो, म्हणजे थांबलेलं अभिसरण हाताने चालू करतो. याला प्रेरित अभिसरण म्हणतात. ओव्हनवर 'कन्व्हेक्शन' लिहिलेलं असतं ते याच अर्थाने: आत पंखा असतो आणि तो गरम हवा फिरवतो.

हवेचं वागणं जास्त फसवं आहे. वर दिलेले आकडे पाहिले तर हवा ही उष्णतारोधक. मग गरम खोली थंड व्हायला हवेचीच मदत कशी होते? मोकळी हवा वहन करत नसली तरी फिरते, म्हणून. तिला फिरू दिलं नाही की तीच हवा पांघरूण होते. स्वेटरची ऊब लोकरीइतकीच तिच्या धाग्यांत अडकलेल्या हवेची असते. दुहेरी काचेच्या खिडकीत दोन काचांमध्ये साधारण १२ ते १६ मिलिमीटर फट ठेवतात. फट रुंद केली की रोध वाढेल असं वाटतं, पण एका मर्यादेनंतर आतली हवा गोल फिरू लागते आणि फायदा वाढत नाही.

आपोआप होणाऱ्या अभिसरणाला गुरुत्वाकर्षण लागतं, वहनाला लागत नाही. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानात गरम हवा वर जात नाही, कारण तिथे 'वर' असं काही नसतंच. तिथे मेणबत्तीची ज्योत लांबट न होता गोलसर, निळसर आणि मंद होते.

आणखी एक गोष्ट पुस्तकांत तुटकपणे येते: घन पदार्थांत अभिसरण होत नाही. रोजच्या व्यवहारात खरं. पण पृथ्वीचं प्रावरण, म्हणजे कवचाखालचा जाड खडकाळ थर, घन असूनही लाखो वर्षांच्या हिशेबात वाहतं, वर्षाला काही सेंटिमीटर, आणि तेही अभिसरणच.

थंड प्रदेशातल्या तळ्यात या दोघांची पाळी कशी बदलते बघा. हिवाळ्यात वरचं पाणी थंड होऊन जड होतं, बुडतं आणि खालचं वर येतं. तळं झपाट्याने गार होतं. पण ४ अंश सेल्सिअसला पाण्याची घनता सर्वांत जास्त असते. त्याखाली गेलेलं पाणी हलकं होऊन वरच राहतं आणि अभिसरण थांबतं. मग बर्फाचा थर धरतो. तो जाड व्हायचा तर खालची उष्णता बर्फातूनच, वहनाने, बाहेर पडावी लागते. थर जितका जाड, तितका पुढचा बर्फ सावकाश. खोल तळ्याच्या तळाशी मासे ४ अंशांच्या आसपासच्या पाण्यात हिवाळा काढतात.

आणि शेवटी, हे दोघे क्वचितच एकेकटे काम करतात. पातेल्याच्या तळाला चिकटलेला पाण्याचा पातळ थर जवळजवळ हलतच नाही. भांड्याची उष्णता त्या थरातून वहनानेच पार होते, मग पुढचं पाणी ती घेऊन फिरतं. गरम कपावर फुंकर घालतो तेव्हा वाफ तर उडून जातेच, शिवाय पेयावर साचलेल्या गरम हवेचा असाच थर आपण पातळ करत असतो.